सीआरएममध्ये गाइडेड सेलिंग कसं लावायचं: नागपूरच्या सोलरच्या धंद्यातून, अगदी पहिल्यापासून

नवीन पोरगा पहिल्यांदा मानेवाड्यातल्या एखाद्या घरी जातो, काकू पाण्याचा ग्लास पुढे करतात, आणि याला कळत नाही की आता काय विचारावं. मग तो माहितीपत्रक काढतो आणि पॅनलची वॉरंटी सांगत सुटतो. दहा मिनिटांनी काका म्हणतात, "ठीक आहे, घरी विचारून सांगतो." त्यांचं घर तेच, विचारायचं आणखी कोणाला? पण पोरगा परत आलेला असतो.

त्याच घरी आमचे जुने सेल्समन गेले की पहिलं वाक्य असतं, "काका, लाइटबिल दाखवा न जरा." बिल हातात आलं की निम्मं काम झालं. पुढचा प्रत्येक प्रश्न त्या बिलातून निघतो. गाइडेड सेलिंग म्हणजे या जुन्या माणसाच्या डोक्यातला प्रश्नांचा क्रम नव्या पोराच्या मोबाइलवर आणून ठेवणं. सीआरएम, म्हणजे गिऱ्हाइकांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, एकेक प्रश्न विचारतं, उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरवतं, आणि शेवटी कोणता माल कोट करायचा ते सुचवतं.

मी रूफटॉप सोलरचं उदाहरण घेतोय, कारण नागपुरात सध्या गल्लोगल्ली तेच काम चालू आहे आणि माझे हात त्यातच बुडालेले आहेत. तुम्ही इतवारीत हार्डवेअर विकत असाल किंवा बुटीबोरीत मशीनचे सुटे भाग, पायऱ्या याच राहतात.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा

गाइडेड सेलिंग या एका नावाखाली दोन कामं असतात, आणि नवा माणूस ती एकात एक मिसळतो. पहिलं काम वाटेचं: लीड (म्हणजे घेऊ शकेल असं नवं गिऱ्हाईक) आली, बिल मिळालं, साइट पाहिली, कोटेशन गेलं, होकार आला. कोणत्या टप्प्यावर काय भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, ते इथे ठरतं. दुसरं काम निवडीचं: मिळालेल्या उत्तरांवरून तीन किलोवॅटचा संच द्यायचा की पाचचा, सिंगल फेज की थ्री फेज.

वाटेसाठी झोहो या सीआरएममध्ये ब्लूप्रिंट आहे, सेल्सफोर्समध्ये पाथ आहे, मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्स ३६५ मध्ये बिझनेस प्रोसेस फ्लो. निवडीचं काम सीपीक्यू नावाच्या भागात होतं, म्हणजे माल जुळवा, भाव लावा, कोटेशन काढा. पुढचं सगळं मी झोहोच्या शब्दांत सांगतो, कारण इथल्या छोट्या फर्ममध्ये मला तेच जास्त दिसतं. दुसरं काही वापरत असाल तर बटणांची नावं बदला, विचार तोच ठेवा.

कागद आणि जुना सेल्समन

संगणक उघडू नका. ऑफिसमधल्या सगळ्यात जुन्या सेल्समनला सकाळी तर्री पोह्याच्या ठेल्यावर घेऊन जा आणि म्हणा, "मी गिऱ्हाईक आहे, मला विका." तो काय विचारतो ते क्रमाने लिहून घ्या. तो एखादा प्रश्न का विचारतो हे त्याला सांगता येईलच असं नाही. तुम्ही प्रत्येक प्रश्नापाशी एवढंच विचारायचं: "उत्तर उलटं आलं तर तुम्ही काय वेगळं केलं असतं?" काहीच वेगळं केलं नसतं, तर तो प्रश्न यादीतून काढा. त्या गप्पा आहेत. गप्पा माणसाने माराव्यात, सॉफ्टवेअरने मारू नयेत.

आमच्या यादीत सुरुवातीला बावीस प्रश्न होते. या चाळणीतून सात उरले: बारा महिन्यांचं एकूण युनिट, बिल कोणाच्या नावावर, फेज, छताचा प्रकार, मोकळी जागा, सावली, आणि छत वापरात आहे का.

शेवटचा प्रश्न कोणत्याही तयार साच्यात सापडणार नाही. पण आपल्याकडे उन्हाळ्यात वरच्या स्लॅबवर कुरडया, सांडगे, पापड वाळत असतात, आणि रात्री काही घरांत अजूनही वरच झोपतात. तिथे स्लॅबलगतचं स्ट्रक्चर (पॅनलखालचा सांगाडा) सांगितलं की घरातली बाई नाही म्हणते, आणि ती का नाही म्हणाली हे सेल्समनला कधीच कळत नाही. या प्रश्नाचं उत्तर "हो" आलं की सिस्टिमने थेट उंच स्ट्रक्चरचा पर्याय पुढे करायचा. भाव वाढतो, पण सौदा टिकतो.

एक प्रश्न जवळून: बिल कोणाच्या नावावर?

हा प्रश्न मी आधी साधा "हो/नाही" ठेवला होता: बिल ग्राहकाच्या नावावर आहे का? चूक होती. महालात, जुन्या वाड्यांत, जरीपटक्यात निम्म्या वेळा उत्तर येतं, "आजोबांच्या नावावर आहे, ते तर गेले." घरावरच्या सोलरला केंद्राची सबसिडी देणाऱ्या पीएम सूर्य घर योजनेचा अर्ज वीजग्राहकाच्या नावानेच करायचा असतो, त्यामुळे आधी महावितरणकडे नावबदल आणि मग पुढचं. दुसरीकडे "नाही" म्हणणारा भाडेकरू असेल, तर त्याला कोटेशन देऊन उपयोगच नाही, घरमालकाला गाठायला हवं. एकाच "नाही"मध्ये दोन वेगळ्या वाटा लपल्या होत्या.

म्हणून पिकलिस्टमध्ये (निवडायच्या उत्तरांच्या यादीत) आता हे पर्याय आहेत: स्वतःच्या, घरातल्या हयात व्यक्तीच्या, मृत व्यक्तीच्या, घरमालकाच्या, सोसायटीच्या, दुकान किंवा कंपनीच्या. प्रत्येकाची पुढची वाट वेगळी. "मृत व्यक्तीच्या" निवडलं की लीड "नावबदल बाकी" या टप्प्यावर जाऊन थांबते आणि पंधरा दिवसांनी फोन करायची आठवण लागते. "सोसायटीच्या" निवडलं की सबसिडीचं गणितच बदलतं, कारण तिथे सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये असा हिशोब आहे. दुकान किंवा कंपनीच्या कनेक्शनला ही सबसिडी नाही, तेव्हा तो रकाना स्क्रीनवर दिसताच कामा नये. नाहीतर नवा पोरगा तोंडातून आकडा काढून बसतो आणि नंतर मालकाला निस्तरावं लागतं.

फील्ड (माहिती भरायचा रकाना) दाखवणं-लपवणं हे लेआउट रूलने होतं; लेआउट म्हणजे फॉर्मची मांडणी. मॉड्यूल्स अँड फील्ड्समध्ये जाऊन लेआउट उघडा, तिथे नियम लिहा: अमुक उत्तर आलं तर अमुक भाग दाखव. दहा मिनिटांचं काम आहे.

फील्ड बनवताना

महावितरणचा ग्राहक क्रमांक बारा आकडी असतो. तो नंबर प्रकारच्या फील्डमध्ये ठेवू नका. काही क्रमांक शून्याने सुरू होतात आणि तो शून्य उडतो. साधं टेक्स्ट फील्ड घ्या.

पर्यायांचं स्पेलिंग एकदाच ठरवा. आमच्याकडे प्रश्नात "थ्री फेज" होतं आणि मालाच्या यादीत "३ फेज". माणसाला दोन्ही एकच, सिस्टिमला दोन वेगळे. पोरगा थ्री फेज निवडायचा आणि यादी रिकामी यायची. दोन दिवस मी नियमच तपासत बसलो होतो. सुरुवातीलाच मालाच्या यादीतून शब्द कॉपी करून प्रश्नाच्या पर्यायात पेस्ट केले असते तर हे झालं नसतं. मागे राहिलेली एक रिकामी जागाही असाच घोळ घालते.

गिऱ्हाईक पक्कं वाटलं की लीड कन्व्हर्ट होऊन तिची डील, म्हणजे चालू सौद्याची नोंद, बनते. लीडवर घेतलेली उत्तरं त्या डीलवर जातील की नाही, हे लीड कन्व्हर्जन मॅपिंगमध्ये पाहा. हे राहिलं तर बिलाचे सगळे आकडे डीलवर कोरे दिसतात आणि कोटेशन करणारी ताई सेल्समनला पुन्हा फोन करते, तो पुन्हा काकूंना.

आता ब्लूप्रिंट

सेटअपमध्ये प्रोसेस मॅनेजमेंट, त्यात ब्लूप्रिंट, मग क्रिएट ब्लूप्रिंट. मॉड्यूल डील्स, लेआउट तुमचा, आणि फील्ड स्टेज निवडा. समोर कोरी पाटी येते. तिच्यावर टप्पे ओढून आणा आणि एकमेकांना जोडा. दोन टप्प्यांमध्ये जी रेघ येते तिला ट्रान्झिशन म्हणतात. सेल्समनला स्क्रीनवर बटण दिसतं ते या रेघेचं. म्हणून तिला नाव देताना क्रियापद वापरा: "बिल घेतलं", "छत पाहिलं", "कोटेशन पाठवलं". नुसतं "स्टेज २" लिहिलंत तर कोणी दाबणार नाही.

प्रत्येक रेघेचे तीन भाग असतात. बिफोरमध्ये हे बटण कोणाला आणि कधी दिसावं. ड्युरिंगमध्ये बटण दाबल्यावर काय भरून घ्यायचं. आफ्टरमध्ये मग आपोआप काय व्हावं: मेल, टास्क, फील्डमधला बदल. नव्या माणसाने सगळा जीव ड्युरिंगमध्ये ओतावा. "बिल घेतलं"साठी मी चारच गोष्टी मागतो: ग्राहक क्रमांक, बारा महिन्यांचं युनिट, नाव कोणाचं, आणि बिलाचा फोटो (तो पुढे दुसऱ्या रेघेवर हलवला, ते खाली येईल).

चारच का, ते सांगतो. पहिल्या वेळी मी इथे चौदा फील्ड सक्तीची केली होती. मला वाटलं, माहिती जितकी जास्त तितकं बरं. तिसऱ्या दिवशी आमच्या जुन्या सेल्समननी मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, मी गिऱ्हाइकाशी बोलू का याच्याशी बोलत बसू?" त्याच आठवड्यात रिपोर्ट काढला तर ग्राहक क्रमांकात १२३४५६७८९०१२ असा आकडा सतरा ठिकाणी होता. बारा आकड्यांची तपासणी मी लावलेली होतीच, आणि तो आकडा बाराच आकडी होता. सक्ती जास्त झाली की माणूस खोटं भरतो, आणि खोटं भरलेलं फील्ड कोऱ्या फील्डपेक्षा वाईट, कारण पुढचे नियम त्याच्यावर विश्वास ठेवतात. बिलाचा फोटो मी नंतर घातला तो यासाठीच. फोटो समोर असला की आकडा नीट भरला जातो.

"नंतर बघू" ही रेघ विसरू नका. ती कॉमन ट्रान्झिशन ठेवा, म्हणजे कोणत्याही टप्प्यावरून वापरता येते. कारण आणि पुढची तारीख तेवढी मागा. कारणांत "दिवाळीनंतर", "घरात लग्न आहे", "शेजाऱ्याचं पाहून ठरवू" असं गिऱ्हाईक जसं बोलतं तसं लिहा. "इतर" शेवटी ठेवा, आणि ठेवलंच नाहीत तर उत्तम. वर ठेवलंत की सगळे तेच दाबतात.

टप्प्यावर मुदतही लावता येते: एवढ्या दिवसांत पुढे गेली नाही तर वरच्याला सूचना. साइट व्हिजिटला मी तीन दिवस देतो. मे महिन्यात पाच. पंचेचाळीस डिग्रीत दुपारी एक वाजता टिनाच्या शेडवर कोणी चढणार नाही आणि चढवूही नये. सकाळी नऊच्या आत किंवा दुसऱ्या दिवशी.

निवडीचं गणित

इथे धंद्याची माहिती लागते, सॉफ्टवेअरची कमी. एक किलोवॅट साधारण दिवसाला चार युनिट, म्हणजे महिन्याला एकशेवीस धरतात. जागा लागते अंदाजे शंभर चौरस फूट. या दोन आकड्यांवर पहिली सूचना काढता येते.

बेसा भागातलं एक घर धरा. बारा महिन्यांचं युनिट ३,९६०. सरासरी ३३०. भागिले १२० म्हणजे २.७५, तर मागणी तीन किलोवॅटची. सावली वजा करून मोकळी जागा २६० चौरस फूट, म्हणजे जागेने बसतात २.६. दोन आकड्यांतला लहान घ्यायचा हा नियम, आणि इथे तो अडतो. सिस्टिमने अशा वेळी एकच आकडा रेटू नये. तिने म्हणावं: "जागा कमी पडते. उंच स्ट्रक्चर, जास्त वॅटचे पॅनल, किंवा दोन किलोवॅट." निवडणं माणसाचं काम. आणि त्याने सूचनेपेक्षा वेगळं निवडलं तर एका ओळीचं कारण मागा. त्या कारणांतून पुढे तुमचे नियम सुधारतात.

बारा महिने का, एक का नाही? मेचं बिल पाहिलं तर कूलर-एसीने युनिट फुगलेलं असतं आणि पाच किलोवॅट गळ्यात मारता येतो. डिसेंबरचं पाहिलं तर दोनवर आटोपतं. बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा तक्ता असतोच, तोच वापरा. कोणी मुद्दाम मेचा महिना भरू नये म्हणून फील्डचं नावच "बारा महिन्यांचं एकूण" असं ठेवा.

वर गोल करताना जपा. सरासरी १२५ असलेल्या घराला भागाकार १.०४ देतो, आणि सरळ वरचा पूर्णांक घेणारं सूत्र त्याला दोन किलोवॅट सुचवतं. म्हणून मी सूत्राऐवजी टप्प्यांचा तक्ता केला. योजनेच्या पोर्टलवरही तसाच आहे: १५० युनिटपर्यंत एक ते दोन, १५० ते ३०० ला दोन ते तीन, पुढे तीनच्या वर.

सबसिडीचा रकाना वेगळा ठेवा आणि तो क्षमतेवरून आपोआप भरू द्या: घरगुतीला एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,०००, तीन आणि पुढे कितीही असलं तरी ७८,०००. सबसिडी हवी असेल तर भारतीय बनावटीच्या सेलचे म्हणजे डीसीआर पॅनलच लागतात. मग "घरगुती" आणि "सबसिडी हवी" ही दोन उत्तरं आली की मालाच्या यादीतून बिगर-डीसीआर पॅनल गळून पडले पाहिजेत. झोहोच्या प्रॉडक्ट कॉन्फिगरेटरमध्ये असा नियम बसतो: मूळ माल निवडला की त्याच्यासोबत कोणता चालेल आणि कोणता नाही. भावाचं प्राइस रूलमध्ये.

भाव आणि कराचे टक्के कधीही सूत्राच्या पोटात लिहू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ज्यांनी १२ हा आकडा चार-पाच सूत्रांत कोरला होता, ते त्या दिवशी एकेक सूत्र शोधत बसले असणार. एकाच जागी ठेवा, तारखेसह.

स्क्रीनवरचं वाक्य

प्रत्येक टप्प्यावर सेल्समनला दिसेल असा मजकूर लिहिता येतो. ट्रान्झिशनमध्ये संदेश घालायची सोय आहे, सेल्सफोर्सच्या पाथमध्ये त्याला वेगळी जागाच आहे. बहुतेक लोक तिथे "ग्राहकाची गरज समजून घ्या" असलं लिहितात. दारात उभ्या पोराला त्याचा काय उपयोग? तोंडात बसेल असं वाक्य द्या: "काका, जुनी बिलं नसतील तर राहू द्या, चालू बिलावरचा तक्ता पुरतो."

गिऱ्हाइकाच्या तोंडचे शब्दही त्यात आले पाहिजेत. नागपूरच्या तीन विभागांत २०११ पासून वीज वाटपाचं काम फ्रँचायझीकडे, एसएनडीएलकडे होतं, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ते परत महावितरणकडे आलं. तरी गांधीबागेत एखादी आजी अजून "एसएनडीएलचं बिल" म्हणते. नवा पोरगा गोंधळतो. तीन शब्दांची टीप टाकली की प्रश्न मिटतो.

तपासून मग सोडा

सँडबॉक्स (खऱ्या नोंदींना धक्का न लावता तपासायची वेगळी जागा) तुमच्या प्लॅनमध्ये असेल तर तिथे करा. नसेल तर एका वेगळ्या लेआउटवर दोनच माणसांना द्या. मागच्या वर्षीच्या दहा लीड काढा: चार विकल्या गेलेल्या, तीन हातच्या गेलेल्या, तीन विचित्र. विचित्र म्हणजे टिनाचं छत, फ्लॅटमधली गच्ची, आजोबांचं बिल. सातही प्रश्नांना जुनीच उत्तरं भरा आणि सिस्टिम काय सुचवते ते प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या मालाशी ताडून पाहा. फरक आला तर आधी जुन्या सेल्समनला विचारा, मग नियमाला हात लावा. आमच्या पहिल्या फेरीत दहापैकी तीन ठिकाणी तोच बरोबर निघाला होता.

मोबाइलवर तपासा, आणि वायफाय बंद करून. ऑफिसच्या मोठ्या स्क्रीनवर सुरेख दिसणारा फॉर्म हुडकेश्वरच्या टोकाला एका काडीच्या नेटवर्कवर फोटो चढवताना कसा वागतो, ते तिथे उभं राहूनच कळतं. आमचा फोटो चढत नव्हता. म्हणून फोटो "बिल घेतलं"च्या सक्तीतून काढून "कोटेशन पाठवलं"च्या आधीच्या सक्तीत टाकला. पोरगा संध्याकाळी ऑफिसमध्ये येऊन चढवतो.

पब्लिश केल्यावर जुन्या चालू डील्स आपोआप नव्या वाटेवर येतील असं धरू नका. दोन-तीन उघडून पाहा, बटणं दिसतात का.

पहिले पंधरा दिवस रोज संध्याकाळी दोनच रिपोर्ट पाहा: कोणत्या टप्प्यावर लीड साचल्या, आणि कोणत्या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर एकच आहे. साचल्या असतील तर त्या टप्प्याची सक्ती जाचक आहे किंवा बटणाचं नाव कळत नाही. आणि एखाद्या प्रश्नाला शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणांचं उत्तर "स्लॅब" येत असेल, तर तेच आधीपासून भरून ठेवा, टिनवाला बदलेल. या सुधारणा करायचा हक्क एकाच माणसाकडे ठेवा आणि त्याच्याकडे एक साधी वही असू द्या: कोणत्या तारखेला कोणता नियम बदलला आणि कोणी सांगितलं म्हणून. सबसिडीचे आकडे, कराचे टक्के आणि पॅनलचे भाव यांची वेगळी पानं करा. दर महिन्याच्या एक तारखेला ती पानं उघडायची, आणि आकडा बदलला नसेल तरी "पाहिलं" असं लिहून सही करायची.